अखेरच्या आजारात रुग्णाचा शब्द



काही वर्षांपूर्वीची घटना आहे. मी नुकताच इमामतीची जबाबदारी स्वीकारली होती. एका रात्री इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एका घरातून निरोप आला आणि मी इस्पितळात गेलो. घरातील वडीलधारे चाचा बारा दिवसांपासून अतिदक्षता विभागात होते. कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. श्वास यंत्राच्या आधारे चालला होता आणि दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीने बांधलेले होते, कारण थोडी शुद्ध आली की ते घशातील नळी उपसून काढू पाहत. बरे होण्याची आशा उरलेली नाही, पुढचे घरच्यांनी ठरवावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिघे मुलगे जिन्यात उभे होते. थोरल्याने मला विचारले, "मौलाना, मशीन काढली तर आमच्यावर कत्लचा गुनाह येईल का?"

मी क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "श्वास आहे तोवर हात लावू नका."

चाचा आणखी नऊ दिवस यंत्रावर राहिले. त्या नऊ दिवसांत धाकट्याने रिक्षा विकली, मधल्याने व्याजाने पैसे उचलले. भेटीची वेळ संध्याकाळी पंधरा मिनिटे, तीही एकेकाला. फज्रच्या सुमारास त्यांचा प्राण गेला, तेव्हा कानाशी कलमा म्हणणारे कोणी नव्हते. दफनानंतर चौथ्या दिवशी चाची मला म्हणाल्या, "इस्पितळात जायच्या आधीच त्यांनी मला सांगितलं होतं, मला घरी मरू दे, नळ्या लावू नका. पण मला कुणी विचारलंच नाही."

मीही विचारले नव्हते. माझे उत्तर अभ्यासातून आलेले नव्हते, लोक काय म्हणतील या भीतीतून आलेले होते. पुढे मी ग्रंथ उघडले, ज्येष्ठ मुफ्तींना विचारले, डॉक्टरांशी बोललो. त्या जिन्यात उभे असताना मला जे ठाऊक असायला हवे होते, ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

पहिली गोष्ट निःसंदिग्ध आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे. आपण तिचे राखणदार आहोत, मालक नाही. सूरह निसाच्या 29 व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली आहे. जखमेच्या वेदना असह्य होऊन ज्याने स्वतःचा हात कापून घेतला, त्याच्याविषयीची कठोर हदीस बुखारीत आहे. म्हणून वेदनेतून सोडवण्यासाठी विषारी सुई देणे, मग ती रुग्णाने मागितलेली असो वा मुलाने दयेपोटी द्यायला सांगितलेली असो, हराम आहे. देशाच्या कायद्यानेही ती गुन्हा मानली आहे. मृत्यूची इच्छा करण्यापासूनही प्रेषितांनी (स.) रोखले आहे. फारच असह्य झाले तर, जगणे हिताचे असेल तोवर जगव आणि मृत्यू हिताचा असेल तेव्हा मृत्यू दे, अशा आशयाची दुआ मागण्यास त्यांनी शिकवले.

पण यातून आपल्यापैकी पुष्कळांनी एक भलताच निष्कर्ष काढला आहे. जीव घेणे हराम आहे, म्हणून जे जे यंत्र उपलब्ध आहे ते लावणे फर्ज आहे, असा तो निष्कर्ष. फुकहा असे कुठेही म्हणत नाहीत. उपचार करा, असा आदेश प्रेषितांनी (स.) जरूर दिला. अबू दाऊद व तिरमिजीतील हदीस प्रसिद्ध आहे. अल्लाहने प्रत्येक रोगासोबत औषधही निर्माण केले आहे, असे सांगून त्यांनी त्याला एक अपवाद केला, तो वार्धक्याचा. आपण ही हदीस दवाखान्याच्या भिंतींवर लावतो, पण तो अपवाद वाचत नाही. हनफी फिकहच्या 'फतावा आलमगिरी'त हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन दर्जे केले आहेत. ज्याचा परिणाम निश्चित आहे, जसे तहानेला पाणी. ज्याचा परिणाम संभाव्य आहे, जसे बहुतेक औषधे. आणि ज्याचा परिणाम केवळ कल्पित आहे. पहिले साधन सोडून जीव घालवणे पाप ठरते. औषध न घेता जो रुग्ण वारला तो मात्र गुन्हेगार ठरत नाही. कोकणातील आपले शाफई बंधू ज्या मजहबवर चालतात, त्यातही उपचार हा सर्वसाधारणपणे पसंत केलेला मार्ग आहे, वाजिब नाही. साध्या उपचाराने वाचू शकणाऱ्या माणसाला तवक्कुलच्या नावाखाली घरी बसवून ठेवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्यात बरे होण्याचा प्रबळ संभव आहे तो उपचार टाळू नये. इथे प्रश्न त्या अवस्थेचा आहे, जिथे विश्वासू डॉक्टर सांगतात की उपचाराने आता केवळ मरण लांबेल.

आता मी आपल्याला एका प्रसंगापाशी थांबण्याची विनंती करतो. सहीह बुखारीत तो हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितला आहे, आणि मदरशात तो शिकताना मी त्यावरून भरभर पुढे गेलो होतो. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारात ते ग्लानीत असताना घरच्यांनी त्यांच्या तोंडाच्या कडेने औषध ओतले. या पद्धतीला अरबीत 'लदूद' म्हणतात. प्रेषित (स.) हाताने खूण करीत होते की ओतू नका. घरच्यांना वाटले, आजारी माणसाला औषधाचा कंटाळा असतोच, आणि त्यांनी ओतले. शुद्ध आल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना जाब विचारला की, मी तुम्हाला मनाई केली नव्हती काय? मग घरात हजर असलेल्या प्रत्येकाच्या तोंडात तेच औषध ओतण्यास त्यांनी सांगितले. केवळ हजरत अब्बास (रजि.) यांना वगळले, कारण औषध देताना ते तिथे नव्हते.

भाष्यकारांनी याची कारणे सांगितली आहेत. ते औषध त्या आजारावरचे नव्हते, हे त्यांपैकी एक. पण प्रसंगाचा गाभा पाहा. औषध देणारे शत्रू नव्हते, अत्यंत प्रेमाची माणसे होती. हेतू निर्मळ होता. आणि तरीही प्रेषितांनी (स.) ते तसेच सोडून दिले नाही, कारण रुग्णाने हाताने केलेली खूण मानली गेली नव्हती. चाचांचे बांधलेले हात मला त्यानंतर पुष्कळदा आठवले. ते नळी उपसत होते ती गुंगीतली धडपड असेल किंवा नकाराची खूणही असेल. त्यांना आधी विचारून ठेवले असते, तर अंदाज करण्याची वेळ आली नसती.

दुसरा प्रसंग इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितलेला, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील आहे. एका कृष्णवर्णी महिलेला फेफरे येत असे. तिने दुआची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले. तिने सब्र करावा आणि तिला जन्नत मिळावी, किंवा बरे होण्यासाठी त्यांनी दुआ करावी. तिने सब्र निवडला. फक्त एवढे मागितले की, फेफरे आले असता अंग उघडे पडते, तसे पडू नये. प्रेषितांनी (स.) तेवढी दुआ केली. तिच्या पतीला, पित्याला वा भावाला विचारल्याचा यात उल्लेख नाही. निवड रुग्णाची होती. आणि तिने मागितले ते काय, तर अंग झाकलेले राहावे. अतिदक्षता विभागात अपुऱ्या कपड्यात पडलेल्या आपल्या माता-भगिनी जागृत असत्या, तर त्यांनीही कदाचित पहिल्यांदा हेच मागितले असते.

मग उपचार थांबवला म्हणजे रुग्णाला सोडून दिले काय? नाही. रोग बरा करण्याचा उपचार थांबला तरी सेवा थांबत नाही. वेदना, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी, मनाची भीती हे सारे हलके करण्याची एक स्वतंत्र वैद्यकशाखा आज आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. केरळात 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातून हे काम उभे राहिले आणि पुढे मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे मुस्लिम बहुसंख्य आहेत, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी ते घरोघरी नेले. आठवड्यातून काही तास देणारे दुकानदार, शिक्षक, गृहिणी प्रशिक्षण घेऊन परिचारिकेसोबत रुग्णाच्या घरी जातात. 2008 साली केरळ सरकारने यासाठी धोरणच जाहीर केले. आपल्या मशिदींच्या कमिट्या कूलर आणि गालिचे यांवर ज्या तत्परतेने वर्गणी जमवतात, तिचा थोडा अंश इकडे वळला तर काय अशक्य आहे?

मशीद आणि शुश्रूषा यांचे नाते नवे नाही. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीतच तंबू ठोकवला, जेणेकरून जवळून विचारपूस करता यावी. सीरतच्या ग्रंथांत रुफैदा अस्लमिया (रजि.) या महिलेचे नाव येते, त्या तिथे जखमींची शुश्रूषा करीत. हजरत साद (रजि.) बरे झाले नाहीत, ती जखम पुन्हा वाहू लागून ते वारले. पण जी व्यक्ती वाचणार नव्हती, तिची सेवा मशिदीच्या अंगणात, जमाअतच्या डोळ्यांसमोर झाली. त्याच बुखारीत हजरत आयशा (रजि.) रुग्णासाठी आणि शोकाकुल घरासाठी तलबीना करण्यास सांगत, असे आले आहे. ही सातूच्या पिठाची पातळ पेज. तिने रोग जातो असे त्यात म्हटलेले नाही. रुग्णाच्या मनाला आराम पडतो, असे म्हटले आहे.

शुश्रूषा म्हणजे काय, हे पाहायचे तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 साली हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. 2015 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. या सुमारे 42 वर्षांत परिचारिकांच्या कित्येक तुकड्या बदलल्या, पण त्यांना न्हाऊ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे थांबले नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात कौतुकाने घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते. आपल्या घरात एक महिना हे करून पाहा, म्हणजे त्या 42 वर्षांचे मोल कळेल.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, काहींना ती आवडणार नाही. आपल्याकडे सासू-सासऱ्यांची ही सारी सेवा सुनेच्या अंगावर टाकून मुलगे बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत बसतात. सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नये, त्यांच्यापुढे नम्रतेचे पंख पसरावेत, हा जो आदेश आला आहे तो त्यांच्या अपत्यांना उद्देशून आहे. सून सेवा करीत असेल तर तो तिचा इहसान आहे, तिच्यावरचे कर्ज नव्हे. वडिलांचे डायपर बदलणे हे मुलाचे काम आहे आणि ते शिकून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

वेदनेच्या औषधांविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. ती नशा आहे, म्हणून घरचे लोक ती लपवून ठेवतात. जाणकार डॉक्टरने वेदनेच्या प्रमाणात दिलेले मॉर्फिन हे औषध आहे. नशेसाठी घेणे हराम आणि जरूरतीपोटी औषध म्हणून घेणे जाइज, हा भेद आमचे उलेमा करत आले आहेत. 2014 साली सरकारनेही कायद्यात दुरुस्ती करून ते मिळणे सुलभ केले. वेदना सोसण्यात सवाब आहे, असे सांगून दुसऱ्याला तळमळत ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. सब्र स्वतःच्या वेदनेवर करायचा असतो. शुद्ध राखून कलमा व जिक्र करता यावा, म्हणून डोस कमी ठेवावा असे रुग्णाला वाटत असेल, तर तेही त्याने डॉक्टरांना सांगावे. डॉक्टर ऐकतात.

नमाज सुटते या विवंचनेत कित्येक वृद्ध झुरतात. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. त्यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की उभे राहून पढा, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर. लघवीची पिशवी लावलेला रुग्ण माजूर ठरतो. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी वुजू करावा आणि पिशवी लावलेली असतानाच नमाज पढावी. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे. हे सांगायला इमामाने घरी यावे, ही अपेक्षा करण्याचा आपला हक्क आहे. आम्ही केवळ जनाजाच्या वेळी येतो, ही तक्रार मी मान्य करतो.

आता यंत्राचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकॅडमीने 1986 साली अम्मानच्या अधिवेशनात ठराव केला की, मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आहे असे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवल्यास जीवरक्षक यंत्रे काढता येतील. 1992 च्या अधिवेशनात तिने असेही म्हटले की, बरे होण्याची अपेक्षा असो वा नसो, रुग्णाचे शारीरिक व मानसिक क्लेश हलके करणे हे डॉक्टरांचे आणि नातलगांचे कर्तव्य आहे. मेंदू पूर्णतः मृत झालेला नसताना चालू यंत्र काढण्याविषयी मात्र आजच्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. व्यर्थ यंत्र मुळात न लावणे हे त्या मानाने पुष्कळ सोपे आहे. म्हणूनच हा विचार इस्पितळाच्या जिन्यात नव्हे, आधी घरात, शांत डोक्याने व्हायला हवा. अन्नपाण्याची बाब वेगळी आहे. ते बंद करण्याची मुभा बहुतेक उलेमा देत नाहीत. मात्र रुग्ण तोंड मिटून घेत असताना बळेच भरवू नये, अशा आशयाची एक रिवायत तिरमिजीत आहे, तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. जवळ बसून ओल्या कापसाने ओठ ओले करीत राहणे हे तर कोणालाही करता येते.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान व शुद्धीत असलेल्या व्यक्तीने ते स्वेच्छेने लिहावे. आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या नातलगाचे वा पालकाचे नाव त्यात घालावे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मन बदलले तर ते केव्हाही लेखी बदलता वा रद्द करता येते. कागद हाती आला म्हणून लगेच यंत्र बंद होत नाही. इस्पितळाचे तीन डॉक्टरांचे मंडळ आणि नंतर दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, रुग्णाची स्थिती तपासते. अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. म्हणजे ज्या गैरवापराची आपल्याला धास्ती वाटते, तिच्यावर पहारा आहे.

काय लिहावे, असे मला विचारले जाते. मी सुचवतो ते असे. बरे होण्याची आशा असेल तोवर पूर्ण उपचार करावेत. दोन विश्वासू डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितल्यास श्वासयंत्र लावू नये, हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा खटाटोप करू नये. वेदनेचे औषध, पाणी आणि स्वच्छता अखेरपर्यंत द्यावी. शक्य असल्यास घरी न्यावे. अंग झाकलेले ठेवावे, महिलेची शुश्रूषा शक्यतो महिलेने करावी. किबल्याकडे तोंड करावे, जवळ बसून हळू आवाजात कलमा म्हणावा. मसुदा सहीपूर्वी एखाद्या मुफ्तींना दाखवावा. आणि त्याच बैठकीत आपली देणी-घेणीही लिहून काढावीत. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहिल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, ही इब्ने उमर (रजि.) यांची हदीस आपण संपत्तीपुरती वाचतो. स्वतःचे शरीर ही तर त्याहून मोठी अमानत आहे.

कर्जाविषयी आणखी एक शब्द. प्रेषितांपुढे (स.) एक जनाजा आणला गेला. मय्यतवर तीन दीनारांचे कर्ज होते आणि फेडण्यासाठी मागे काही नव्हते. प्रेषितांनी (स.) साथीदारांना नमाज पढण्यास सांगितले, स्वतः पढली नाही. अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज आपल्या शिरावर घेतले तेव्हा त्यांनी नमाज पढली. चाचांच्या मधल्या मुलाने व्याजाने उचललेले पैसे पुढे तीन वर्षे फिटत होते. ते ज्या नऊ दिवसांसाठी उचलले, ते नऊ दिवस चाचांनी मागितलेले नव्हते, मी मागितले होते.

मागच्या रमजानपूर्वी चाची मशिदीच्या दाराशी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्प पेपर होता. तिघे मुलगे सोबत होते. त्यांनी आपल्या वतीने बोलण्यासाठी मुलीचे नाव घातले होते, कारण, त्या म्हणाल्या, पोरगे घाबरट आहेत. साक्षीदार म्हणून एक सही शेजारच्या मास्तरांची ठरली होती, दुसरीसाठी त्यांनी पेन माझ्यापुढे धरले. मी कागद दोनदा वाचला. मग थोरल्याकडे वळून विचारले की, अम्मीने हे तुला तोंडानेही सांगितले आहे ना? तो म्हणाला, "हो मौलाना, या खेपेला आम्ही विचारलं."